गुरुवारचा वॉर्ड

सोमवार, ११ फेब्रुवारी

धाकटे,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू ते न उघडता केराच्या टोपलीत टाकशील, म्हणून पत्ता दुसऱ्या बाईकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर वाच. फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल तक्रार नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही उचलला नसता, वर चार शिव्या हासडल्या असत्या.

गोल गोल फिरवत नाही. तुझ्या ताईला विसरण्याचा आजार झालाय. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, त्यातलं नव्हे. त्यात मीही पहिला नंबर काढीन. परवा तिनं चष्मा हातात घेतला आणि मला विचारलं, हे कशाचं असतं? डॉक्टरांनी सांगून दीड वर्ष झालं. एवढे दिवस मी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. शेजारच्यांना सांगितलं, तिला जरा कमी ऐकू येतं. लोकांना बहिरेपण चालतं, हे चालत नाही.

तू म्हणशील, मग आता मला कशाला सांगताय. कारण ती रोज तुझी वाट बघते. सकाळी उठली की धाकटी आली का, चहा झाला की पुन्हा धाकटी आली का. मी म्हणतो, येईल. तुमचं भांडण तिच्या डोक्यातून साफ पुसलं गेलंय. आई गेल्याचंही कधी लक्षात असतं, कधी नसतं. मी तिच्यापुढे आईचा विषयच काढत नाही. एकदा बोलता बोलता तोंडातून गेलं, तर ती बातमी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा तिनं हंबरडा फोडला. तेव्हापासून कानाला खडा लावलाय.

हे दुपारी लिहितोय. ती झोपलीय. बाहेरच्या दाराला खुर्ची लावून त्याच खुर्चीत मी बसलोय, मांडीवर ट्रे घेऊन. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला, बंद दारांमागे अडकलेल्यांना बाहेर काढण्यात. आता म्हातारपणी दार बंद कसं ठेवायचं याचा घोर. हसायचं तर हस.

घरात कोंडून दोघांनाही वेड लागेल म्हणून मी तिला दर गुरुवारी दुपारी वाचनालयात नेतो. तिथल्या ग्रंथपालबाईंनी तळमजल्यावरची खोली त्या दिवशी अशा माणसांसाठी ठेवलीय. विसरणारे आणि त्यांना सांभाळणारे, सगळे जोडीजोडीनं येतात. चहा, बिस्किटं, जुनी गाणी, पत्ते. मी आधी नाक मुरडलं होतं. म्हटलं, घरी एक आहे तेवढं पुरे नाही का, आणखी दहा बघायला जायचं? पण तिथली एक रीत मला पटली. तिथे कुणी कुणाला ‘ओळखलंत का?’ असं विचारायचं नाही. आत येणाऱ्यानं आपण होऊन सांगायचं, मी कोण आणि माझं माणूस कोणतं. दर गुरुवारी, नव्यानं. मी सांगतो, मी लिफ्टवाला, निळ्या स्वेटरमधली ती माझी बायको. सगळे म्हणतात, या, बसा. कुणाची परीक्षा नाही, कुणी नापास नाही. नवख्या माणसाला तर कोण कुणाला घेऊन आलंय तेच कळत नाही, कारण चेहरे आमचेच जास्त ओढलेले दिसतात.

तुझ्या ताईला तो तिचा वॉर्ड वाटतो. नर्सची नोकरी सोडून इतकी वर्षं झाली, पण त्या खोलीत पाऊल टाकलं की तिचा कणा ताठ होतो. खुर्च्यांमधून राउंड घेते, कुणाची नाडी बघते, कुणाला सांगते पाय वर ठेवा. तिथे एक निवृत्त न्यायाधीश येतात. ते कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, पण तिनं डोळे वटारले की निमूट पाणी पितात. मला ती तिथे नवरा म्हणून ओळखत नाही, वॉर्डबॉय म्हणून ओळखते. कामाचा माणूस आहे, असं सगळ्यांना सांगते. एवढ्या संसारात माझं इतकं कौतुक कधी झालं नव्हतं.

एकदा ये. डॉक्टर म्हणतात, चेहरे एकेक करून जातात, आधी लांबच्या माणसांचे. तू लांबची आहेस असं मी म्हणत नाही, डॉक्टर म्हणतात. पण मला भीती वाटते, धाकटे. तुला बघून तिला तू कळायला हवीस, आणि ते फार दिवस कळेल असं दिसत नाही. उत्तर पाठव, दोन ओळी चालतील.

तुझे भाऊजी

शनिवार, २ मार्च

धाकटे,

कार्ड मिळालं. दोन ओळी चालतील म्हटलं, तर तू एकच पाठवलीस. ‘ताईनं तो शब्द मागे घेतला का?’ खाली सहीसुद्धा नाही. तुझ्या ताईची सख्खी बहीण शोभतेस.

कोणता शब्द ते मी विचारणार नाही. मी तिथेच होतो, हॉस्पिटलच्या त्या कॉरिडॉरमध्ये. आईही अशीच विसरायची. चार वर्षं तू तिला एकटीनं सांभाळलंस. त्या दुपारी तुझा जरा डोळा लागला, आई दार उघडून बाहेर पडली आणि रस्त्यात पडून कंबरेचं हाड मोडून बसली. तिला आत नेल्यावर तुझी ताई तिच्या सगळ्या जुन्या स्टाफसमोर तुला म्हणाली, ‘तुला एक माणूस सांभाळता आलं नाही.’ आठवडाभरात आई गेली, आणि मग तूही गेलीस. सहा वर्षांत या गावात पाऊल टाकलं नाहीस.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो. घेतला.

कधी ते विचारशील. गेल्या गुरुवारी, वाचनालयात. खिडकीपाशी बसली होती. तिनं हात हातात घेतला आणि म्हणाली, धाकटे, मी तुला फार बोलले, माझं चुकलं. हात माझाच, दुसऱ्या कुणाचा असणार. म्हणजे मी शेजारी होतो, तर तिनं तो तुझाच समजून धरला. डोळ्यांत पाणी होतं. नेमके शब्द थोडे मागेपुढे झाले असतील, मी काही लिहून घेत नव्हतो. ग्रंथपालबाईंनीही ऐकलं असेल, पण त्यांना विचारायला जाऊ नकोस, त्या कामात असतात.

झालं ना समाधान? मग ये.

इथलं बरं चाललंय. बरं म्हणजे, वाईट नाही. गॅसची बटणं मी काढून खिशात ठेवतो. त्याच खिशात किल्ल्या, कात्री आणि तिच्या गोळ्या. चालायला लागलो की भांड्यांच्या दुकानासारखा वाजतो. संध्याकाळ झाली की तिला ड्यूटीवर जायचं असतं. पिशवी भरते, दाराशी येते, मी खुर्चीत असतोच. मी म्हणतो, सिस्टर, आज तुमची सुट्टी आहे. ती म्हणते, सुट्टी कुणी दिली? रोज नवा साहेब शोधून सांगावा लागतो. आंघोळीला जाताना मी बाथरूमचं दार उघडं ठेवतो. अंगाला साबण लावतानाही एक कान बाहेर असतो. माझ्या छातीत अधूनमधून कळ येते. पोटातल्या वाऱ्याची असणार. तपासून यायला हवं, पण तेवढा वेळ तिला कुणाजवळ ठेवू?

गुरुवारी मात्र जरा हायसं वाटतं. चहा झाला की सांभाळणारे मागच्या खोलीत बसतात. तिथे मन मोकळं करायचं. एका घड्याळजींची बायको आहे. नवरा रोज तिला विचारतो, तुमचे यजमान कुठे असतात? ती सांगते, असतात इथेच कुठे तरी. हे सांगताना ती इतकी हसली की आम्हालाही हसू आवरेना. टपालवाली म्हणून एक बाई येते, साधारण तुझ्याच वयाची, वडिलांना घेऊन. तुझ्या पाकिटांवर पत्ता तीच लिहून देते. तुझी ताई तिच्यावर फार खूश असते. ते जाऊ दे.

तारीख कळव. गुरुवारच धर. गुरुवारी ती सगळ्यात चांगली असते.

तुझे भाऊजी

शुक्रवार, २२ मार्च

धाकटे,

तू २८ तारखेला गुरुवारी येतेस हे वाचून मी आनंदानं उडायला हवं होतं. त्याऐवजी ते घडी घालून खिशात, गॅसच्या बटणांखाली लपवलं. का ते सांगतो. सांगून झाल्यावर तुला तिकीट रद्द करायचं असेल तर कर.

तिनं तो शब्द मागे घेतलेला नाही. घेणार कुठून, तिला तो आठवतच नाही. मी रचलं. तुझ्या त्या एका ओळीपुढे मला दुसरं काही सुचेना. खरं लिहावं तर तू येणार नाहीस, आणि तू आली नाहीस तर ती तुला विसरून जाणार. म्हणून लिहून टाकलं. टपालपेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत घाम फुटला.

हात मात्र तिनं खरोखर धरला होता. टपालवालीचा. तुझी ताई तिला तू समजते. पहिल्यांदा झालं तेव्हा त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि ती ‘हो ताई’ म्हणाली. तिथे कुणाची चूक काढायची नाही असंच आहे. त्या एका ‘हो ताई’वर तुझी ताई पुढे कितीतरी वेळ खूश होती. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आठवड्यातून एकदा दोन तास का होईना, तिची धाकटी आलेली असायची. तुझी ताई तिचे केस कानामागे सारायची, जेवलीस का विचारायची, वाळलीस म्हणायची.

पण तू येणार हे कळलं आणि माझी झोप उडाली. एका खोलीत दोन धाकट्या? तू दारात उभी आणि ती दुसरीचे लाड करतेय, हे तू कसं बघशील? म्हणून मी शहाणपणा करायला गेलो. काल वाचनालयात ताईला बाजूला घेतलं आणि सांगितलं, ही तुझी धाकटी नव्हे, ही टपाल वाटते. तुझी खरी धाकटी गाडीनं येणारेय.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. ‘मग तिला घ्यायला कोण जाणार?’ एवढंच विचारलं. मी म्हटलं, बघू. आणि मागच्या खोलीत जाऊन बसलो. मला वाटलं, टपालवाली आहे तिच्याजवळ. टपालवालीला वाटलं, यांनी आताच सगळं सांगितलंय, तर आज आपण लांब राहिलेलं बरं, नवरा आहे जवळ. ग्रंथपालबाईंना वाटलं, आम्ही दोघंही आहोत. ती खोली माणसं सांभाळणाऱ्यांनी भरलेली, आणि तुझी ताई दार उघडून निघून गेली.

कुणाच्या लक्षात आलं ते आता आठवत नाही. मी रस्त्यावर आलो तेव्हा चपला घालायचंही भान नव्हतं. तुला घ्यायला गेली असेल म्हणून आधी बसस्टँडवर गेलो, सगळ्या बाकांवर बघितलं. मग तिच्या जुन्या हॉस्पिटलात. कुठे ब्रेक वाजला की आवाजाकडे धावायचो. मग चौकीत गेलो. पोलिसानं अंगावरचे कपडे विचारले, मी निळा स्वेटर सांगितला. सांगून झाल्यावर आठवलं की काल सकाळी तिनं त्यावर चहा सांडला म्हणून मीच तिला करडा घातला होता. म्हटलं, साहेब, निळा नाही, करडा. त्यानं मान वर केली आणि म्हणाला, ‘काका, दिवसभर घरातच असता ना? एक माणूस सांभाळता येत नाही?’

धाकटे, हा शब्द मी त्या कॉरिडॉरमध्ये ऐकला होता, पण तेव्हा तो तुझ्यासाठी होता. मी भिंतीला टेकून उभा होतो. काल तो माझ्यावर आला तेव्हा मला तिथल्या तिथे खाली बसावंसं वाटलं. मलाही तेच वाटत होतं. ती सापडली नाही तर हाच शब्द घेऊन मी घरी जाणार होतो. तू तो सहा वर्षं घेऊन बसलीयेस.

सापडली. टपालवालीनं शोधली. वाचनालयामागच्या गल्लीत दाताचा दवाखाना आहे, तिथे. दवाखान्यातली मुलगी जेवायला गेली होती. तुझी ताई तिच्या टेबलाशी बसून आलेल्यांना नंबर लावत होती. ज्याचा गाल जास्त सुजलेला, तो आधी. डॉक्टरला वाटलं कुणाची तरी नातेवाईक असेल. कुणाची तक्रार नव्हती. मी धापा टाकत दारात उभा राहिलो तर मला म्हणाली, कुठे होता एवढा वेळ, माणसं खोळंबलीत. मला रडू फुटलं. तिला वाटलं दाढ दुखतेय. तिनं मला रांगेत शेवटी बसवलं आणि आम्ही निघेपर्यंत तिथून उठू दिलं नाही.

आता तुला सगळं माहीत आहे. तो शब्द तिनं मागे घेतलेला नाही, आणि घेईल अशी आशाही मी दाखवणार नाही. तुला बघून ती ओळखेल का, तेही सांगता येत नाही. ये म्हणायला मला तोंड नाही. येऊ नको म्हणायचा धीर होत नाही. आलीस तर एवढंच कर, तिला ‘ओळखलंस का’ विचारू नकोस. हे पत्र टपालवालीच्या हातात देतोय, म्हणजे आजच्याच थैलीत जाईल.

तुझे भाऊजी

रविवार, ३१ मार्च

धाकटे,

तू न सांगता निघून गेलीस. रागावलो नाही. जे झालं ते तुला माहीत आहे, तरी मी लिहून काढतोय. मी मागच्या खुर्चीत बसून ऐकलं, आणि आता घरी बसून मलाच शंका येते की मी हेही रचलं की काय. माझ्या शब्दावर माझाच भरवसा राहिलेला नाही. कुठे चुकलं असेल तर तू दुरुस्त कर.

तू दारात उभी राहिलीस तेव्हा क्षणभर मीसुद्धा तुला ओळखलं नाही. केस केवढे पिकलेत तुझे. ताई खिडकीपाशी टपालवालीचा हात धरून बसली होती. टपालवालीनं तुला पाहिलं, तिच्या लक्षात आलं, ती उठायला लागली, पण ताई हात सोडेना. तू ते पाहिलंस. मला वाटलं, संपलं, आता ही आल्या पावली परत जाणार. तेवढ्यात ताईच उठली. नवीन माणूस दारात ताटकळत उभं राहिलेलं तिला तिच्या वॉर्डात खपत नाही. तिनं तुला दंडाला धरून आत आणलं आणि माझ्या पुढच्याच खुर्चीत बसवलं.

तिथल्या रीतीप्रमाणे तू कोण ते तू सांगायचं होतंस. तू तोंड उघडलंस आणि मिटलंस. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की शेजारचे न्यायाधीश माझ्याकडे बघायला लागले.

‘मी नवीन आहे,’ तू म्हणालीस.

‘कुणाला घेऊन आलात?’

‘आईला.’

ताईनं तुझ्या मागे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं.

‘आई आता नाही,’ तू म्हणालीस.

आता ती हंबरडा फोडणार, सगळी खोली घाबरणार, आणि हे मी तुझ्यासमोर घडवून आणलं, असं वाटलं. पण ती तिच्या आईची बातमी नव्हतीच. कुणा परक्या बाईची आई गेली होती. अशा बायका तिनं नोकरीत काय कमी पाहिल्या असतील? तिनं नुसती मान हलवली, तुझं मनगट हातात घेतलं आणि नाडी बघत तुला विचारायला लागली. आजार काय होता, किती वर्षं चालला, रात्री झोपू देत होत्या का. तू सांगत गेलीस. कुठलीही गोष्ट वाढवून सांगितली नाहीस. मी मात्र त्यातल्या निम्म्या गोष्टी पहिल्यांदाच ऐकत होतो. आई रात्रभर कपाटं उघडायची, हे मला माहीत नव्हतं. तू दोघींच्या मनगटांना ओढणी बांधून झोपायचीस, हेही माहीत नव्हतं.

‘त्या दिवशी दुपारी माझा डोळा लागला,’ तू म्हणालीस. ‘मी ओढणी बांधली नव्हती.’

‘डोळा लागणारच,’ ताई म्हणाली. ‘आम्ही वॉर्डात तिघी असायचो आणि आठ तासांनी बदली यायची. तरी उभ्या उभ्या पेंगायचो. तुमच्या बदलीला कोण येत होतं?’

‘कुणी नाही.’

‘घरात दुसरं कुणी नव्हतं?’

तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली बघितलं.

‘बहीण होती,’ तू म्हणालीस. ‘ती नंतर आली. सगळ्यांसमोर म्हणाली, तुला एक माणूस सांभाळता आलं नाही.’

धाकटे, मी तिचा चेहरा बघत होतो. काहीतरी हलेल, काहीतरी आठवेल, असं मला वाटत होतं, आणि आठवू नये असंही वाटत होतं. तिला काही आठवलं नाही. तिला राग आला. संध्याकाळच्या भेटीच्या वेळी फळं घेऊन येणारे आणि वर नर्सला झापणारे नातेवाईक असतात ना, त्यांचा यायचा तोच राग.

‘तुमची काहीही चूक नाही,’ ती म्हणाली. ‘आणि त्या बहिणीला माझ्याकडे पाठवून द्या. मी बघते तिच्याकडे.’

तू तिच्या खांद्यावर डोकं टेकलंस. ती तुझी पाठ थोपटत राहिली आणि मला म्हणाली, बघत काय बसलात, बाईंना पाणी आणा. मी पाणी घेऊन आलो तोवर तू गेली होतीस. टपालवाली म्हणाली, जाऊ दे त्यांना, आता कुणी मागे जाऊ नका. मी तो पेला घेऊन तिथेच उभा राहिलो. मग न्यायाधीशांनी तो मागून घेतला.

तीन दिवस झाले, माझ्या डोक्यातून ते जात नाही. तुला हवं होतं ते तुला मिळालं की उलट जखमेवर मीठ चोळलं गेलं? शब्द तिनं मागे घेतला, पण तो आपलाच होता हे तिला ठाऊक नाही. तू समोर होतीस, पण ती तूच हेही ठाऊक नाही. हे असं चालतं का? हिशोबात धरायचं की नाही? मला ठरवता येत नाही, आणि तुझ्या वतीनं ठरवायचा मला अधिकारही नाही. मी एवढंच सांगू शकतो की मी तिच्याबरोबर एवढी वर्षं काढलीत, आणि ती मनात एक आणि तोंडात एक असं कधी बोलली नाही. त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये बोलली तेही मनापासून होतं. गुरुवारचंही होतं.

आता आज सकाळचं सांगतो, त्यासाठीच बसलोय लिहायला. ती उठली. मी नेहमीसारखा पलंगाच्या कडेला बसलो होतो. ती बराच वेळ छताकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि धाकटी आली का असं काही विचारलं नाही. चहा झाला, तरी नाही. मी हळूच म्हटलं, धाकटी? ती म्हणाली, कोण? मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. एवढे दिवस ज्याला घाबरत होतो ते झालं, आणि बाहेर रोजच्यासारखा कचरेवाला घंटा वाजवत होता.

मी तोंड धुऊन परत आलो तेव्हा ती पलंगावर बसून पायात मोजे घालत होती, दोन्ही एकाच पायात. मी खाली बसून एक मोजा काढायला लागलो.

‘त्या नवीन बाई पुन्हा येतील का?’ तिनं विचारलं. ‘फार थकलेल्या दिसत होत्या. त्यांच्याकडे बघायला कुणी नाही.’

मी म्हटलं, येतील, गुरुवारी येतील. ती म्हणाली, मग त्यांची खुर्ची माझ्याजवळ लावा. दुपारपर्यंत तिनं हे मला चारदा सांगितलं. विसरली नाही.

तर धाकटे, मी तिला ‘येतील’ असं सांगून बसलोय. तुझ्याशी एकदा खोटं बोललो, त्याची शिक्षा भोगली. तिच्याशी खोटं बोलायची पाळी माझ्यावर आणू नकोस.

तुझे भाऊजी